आंजेलिनचा उपवास

चुना

नाताळच्या आधी आम्ही घराला चुना देतो. गावात तशी रीत आहे. ज्याच्या भिंतीला चुना नाही त्याच्या घरात नाताळ आला असं कुणी धरत नाही. मी आणि आंजेलिननं, म्हणजे माझ्या बायकोनं, मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. त्यानंतर दोघांनी मिळून जे जे केलं ते सगळं आजाराचं होतं.

दर साली वरचा अर्धा भाग ती करायची, कारण उंचावर मला चक्कर येते. बाकावर उभी राहायची, कुंचा बालदीत बुडवायची आणि पार वाशापर्यंत हात न्यायची. मी खालचं करायचो आणि तिच्या कुंच्यातून गळणारा चुना डोक्यावर घ्यायचो. त्या साली म्हणाली, "यंदा वरचं तुम्ही करा."

"का गो? म्हातारी झालीस?"

"झाले तर. आजी होणार ना आता."

मी चढलो. ती खालून बाक धरून उभी राहिली. तेवढ्यात चांगुणा कोळीण मासळीची टोपली घेऊन आमच्या आळीत आली. त्याच महिन्यात गोव्यात आपलं लष्कर शिरलं होतं. आम्ही ख्रिस्ती, गावावर पोर्तुगीजांचा जुना किल्ला, घरातली आमची बोलीसुद्धा त्यांच्याच वळणाची. म्हणून जो तो ती बातमी आम्हालाच येऊन सांगत होता.

"काय रं जुझे," चांगुणा ओरडली, "गेलं का न्हाय तुज्या पोर्तुगीजाचं राज?"

"माझं कसलं राज? माझ्या राज्यात मलाच बाकावर चढवलंय."

आंजेलिन हसली. हसताना तिनं डावा हात उजव्या काखेत घट्ट दाबून धरला. मला वरून दिसलं. वाटलं, हसू आवरत नाही म्हणून.

हे लिहायला मला फादरांनी सांगितलं. मी चौथी शिकलेला माणूस. शुद्ध-अशुद्ध ते बघून घेतील. आमची घरची बोली कुणी लिहीत नाही, म्हणून बोलणं सगळं मराठीत लिहिलंय, बाजारात बोलतो तसं. फादर म्हणाले, जुझे, दुसऱ्यांना उपयोग होईल. होतो का बघा. मला झाला नाही.

पोलक्यावरचा डाग

नाताळ पार पडला. नव्या सालात एक दिवस ती विहिरीवरून आली तर पोलक्याला उजवीकडे डाग. मी विचारलं, कुठं लागलं? म्हणाली, गळू आहे. मी म्हटलं, दाखव. नको म्हणाली. चाळीस वर्षं संसार केलेली बायको मला नको म्हणते! मी दार लावलं आणि दाखवायला लावलं.

गाठ होती. लहान नव्हती. वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती आणि एका जागी फुटली होती.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही डॉक्टरकडे नेलं असतं."

असं उत्तर दिलं. मी तिला शिव्या दिल्या. ती पोलकं बदलायला गेली.

कारण मला माहीत होतं. कारण आतल्या खोलीत खाटेवर झोपलं होतं. आमची एकच मुलगी, रोजा. खाडीपलीकडे रेवदंड्याला दिली. जावई बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येणार. सासू वारलेली. रोजाची दोन मुलं दिवस भरायच्या आधी गेली. एक एसटीत, एक दवाखान्याच्या पायरीवर. तिसऱ्या वेळी रेवदंड्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हिला उठवायचं नाही, बसवायचं नाही, नऊ महिने आडवी ठेवा तर काही आशा आहे. तेव्हा आम्ही तिला खाटेसकट होडीत घातली आणि खाडी पार करून घरी आणली. तेव्हापासून तिचं खाणं, पिणं, धुणं, कूस बदलणं सगळं आंजेलिन करत होती. त्याच हातानं.

मुंबई

रोजाला सांगितलं, मायच्या डोळ्याला मोतीबिंदू झालाय, मुंबईला दाखवून आणतो. चांगुणाला म्हटलं, जरा पोरीकडे बघ. ती म्हणाली, "जा तू. मासली इकली न्हाय तरी चालंल." कोळीण असून आठ दिवस आमच्या खोलीत बसून राहिली.

तरीच्या होडीनं खाडी ओलांडून रेवदंडा, तिथून एसटीनं रेवस, रेवसहून लाँच. भाऊच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा तिच्या तोंडावरचं रक्त उडालं होतं. मोठं इस्पितळ. लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, सगळ्या बायका, सगळ्यांचा एकच रोग. कुणाच्या गळ्याला पट्टी, कुणाच्या छातीला. पुरुषांना ठरल्या वेळेलाच आत सोडायचे. बाकीचा वेळ मी व्हरांड्यात बसून असायचो. सकाळी फिनेलचा वास, मग चहाची गाडी, मग डॉक्टरांची फेरी, मग कुणाला तरी ढकलगाडीवरून नेणार. ती परत येईपर्यंत बाकीच्या बायका दाराकडे बघत राहायच्या.

शेजारच्या खाटेवर घाटावरची एक बाई होती. तिला भेटायला कुणी येत नव्हतं. आपल्या वाट्याची मोसंबी ती सोलून अर्धी आंजेलिनला द्यायची. म्हणायची, "खा बाई, मला आंबट लागतं." मला वाटतं तिला लागत नसावं. अशी माणसंही भेटतात, हे लिहून ठेवतो.

तुकडा काढून तपासायला दिला. ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला पण आत बोलावलं. तरुण होते, मला मुलगा असता तर त्याच्या वयाचे. उगाच गोल गोल बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

"कर्करोग आहे. छाती काढावी लागेल. मग विजेचा शेक. तीन-एक महिने इथंच राहायचं."

आंजेलिननं विचारलं, "नाही केलं तर?"

"तर वर्ष निघणं कठीण."

"केलं तर?"

"दोन वर्षं, चार वर्षं. एखादीला जास्त मिळतात. शब्द देत नाही."

तिनं बोटांवर महिने मोजले. मी बघत होतो. रोजाचे दिवस एप्रिलात भरत होते.

"एप्रिल संपला की येते," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "बाई, तेव्हा आलात तर माझ्या हातात काही नसेल."

"बघू."

"बघू काय? गाईम्हशीचा सौदा आहे का हा?" हे मी बोललो. डॉक्टरांनी मला बाहेर जायला सांगितलं. आत तिला ते काय बोलले मला कळलं नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गोळ्यांची बाटली होती. दुखायला लागलं की घ्या, म्हणाले होते.

लाँचवर मी तिच्याशी भांडलो. म्हटलं, रोजाला अलिबागच्या दवाखान्यात ठेवू. म्हणाली, हलवलं की जाईल. म्हटलं, एखादी बाई ठेवू. म्हणाली, बाई हागमूत काढील, पण पोरीनं उठायचा हट्ट धरला की तिला दाबून धरणार कोण? मी म्हटलं, "मग जाऊ दे तिसरं पण!"

आजूबाजूच्या माणसांनी मान वळवून बघितलं. मी बोललो ते बोललो. आजही कुणी विचारलं तर तेच सांगीन. मला माझी बायको पाहिजे होती. जे जन्माला आलं नाही त्याच्याशी माझी ओळख नव्हती.

आंजेलिन म्हणाली, "तुम्ही बाप आहात. तुम्हाला असं बोलता येतं." आणि पदर तोंडाला लावून पाण्याकडे बघत बसली.

उपवास लागला

राखेच्या बुधवारी आमच्याकडे कपाळाला राख लावतात. तिथून ईस्टरपर्यंत उपवासाचा काळ. त्या दिवसांत प्रत्येक जण आपापली एक आवडती गोष्ट सोडतो. कुणी ताडी सोडतं, कुणी मटण, पोरं गूळ सोडतात. मी विड्या सोडल्या. मी आंजेलिनला विचारलं, तू काय सोडलंस? म्हणाली, "ते मी ज्याचं त्याला सांगितलंय."

मला वाटलं, चहा असेल.

दुखणं तेव्हा वाढलं होतं. हात सुजून खांबासारखा झाला होता. गाठीची जखम झाली, जखमेला वास यायला लागला. रोजाला कळू नये म्हणून ती घरात ऊद जाळायची. रोजा खाटेवरून हाक मारायची, "माय, रोज रोज ऊद कशाला? आपण काय चर्चमध्ये राहतो?" आंजेलिन म्हणायची, "डास झालेत गो." आणि ओठ चावून तिच्या अंगाखाली हात घालायची, कूस बदलायची, पाठीला तेल लावायची.

गोळी मी माझ्या हातानं द्यायचो. सकाळी एक, संध्याकाळी एक. ती तोंडात टाकायची, वर पाणी प्यायची. तरी तिला आराम पडत नव्हता. मी अलिबागला जाऊन जास्त ताकदीच्या आणल्या. तरी नाही. बसल्या जागी घामानं भिजायची. मी म्हटलं, डॉक्टर खोटे, गोळ्या खोट्या.

एक दिवस चुलीतली राख काढून नारळाच्या बुंध्याला टाकायला नेली. सूप पालथं केलं तर राखेत पांढरं काहीतरी. उचलून बघितलं. गोळ्या. काही अख्ख्या, काही जळून काळ्या. बुंध्यापाशी मी खाली बसलो. मग सूप तसंच घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय?"

"हळू बोला. रोजा ऐकेल."

"हे काय गो?"

"उपवास."

"मासे सोड. चहा सोड. साखर सोड."

"साखर मला कुठं आवडते? आवडती गोष्ट सोडायची असते." मग म्हणाली, "सध्या मला ती गोळीच तेवढी आवडते."

या बाईनं देवाशी सौदा केला होता. पोरीचं मूल जगू दे, बदल्यात माझं दुखणं पूर्ण घे, कमी नको. चर्चमध्ये लहानपणापासून ऐकलेलं असतं, दुखणं देवाला वाहावं. ऐकतो सगळेच. तिनं ते मीठभाकरीच्या व्यवहारासारखं खरं धरलं.

मी सरळ फादरांकडे गेलो. म्हटलं, तुमच्या शिकवणीनं माझी बायको जळतेय, तुम्हीच येऊन विझवा. ते तसेच चपला घालून निघाले.

आमच्या ओटीवर बसून त्यांनी तिला समजावलं. "आंजेलिनबाई, औषध सोडणं म्हणजे उपवास नव्हे. आजाऱ्याला तर उपवासाची सूट आहे. देवाला तुमचं दुखणं नको आहे."

"नको असतं तर मला दिलं कशाला, फादर?"

"त्यानं दिलेलं नाही."

"मग कुणी दिलं?"

फादर म्हणाले, "मी तुमचा धर्मगुरू म्हणून सांगतो, गोळी घ्या. पाप लागणार नाही."

"पाप लागेल म्हणून कुठं सोडलीय? तुम्ही मला एवढंच सांगा. मी गोळी घेतली तर रोजाचं मूल जगेल, असं म्हणता?"

"ते मी कसं म्हणू?"

"डॉक्टर पण म्हणत नाहीत. मग माझ्या हातात जे आहे ते मला करू द्या. येशूच्या आईला क्रुसाखाली कुणी गोळी दिली होती?"

मी त्यांना वाटेपर्यंत सोडायला गेलो. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "जुझे, एवढी श्रद्धा माझ्याकडे नाही." मी म्हटलं, "फादर, मी तुम्हाला उपवास मोडायला बोलावलं होतं, तिचं कौतुक करायला नाही." ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

रोजाला कळलं

एक दिवस कूस बदलताना आंजेलिनचं पोलकं रोजाच्या खांद्याला लागलं आणि तिचा खांदा ओला झाला. रोजानं वास घेतला. पोर मूर्ख नव्हती. म्हणाली, "माय, पदर काढ."

मी ओटीवर होतो. आतून आवाज आला तो रोजाच्या रडण्याचा, उशीत तोंड खुपसून.

तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि जेवण बंद केलं. "तू मला फसवलंस. आता मी उठते आणि चालत जाते विहिरीपर्यंत, बघ." आंजेलिन पेज घेऊन खाटेजवळ उभी.

"मी तुला विचारलं होतं का?" रोजा म्हणाली. "हे ओझं माझ्यावर का टाकलंस? मूल जगलं तर त्याचं तोंड बघताना मला काय वाटेल?"

"पहिलं बाळंतपण आईचं असतं. माझ्या आईनं माझं केलं, मी तुझं करतेय. त्यात ओझं कसलं?"

"माझं पहिलं नाही हे."

"जगणारं पहिलंच," आंजेलिन म्हणाली. "तोंड उघड. तू जेवली नाहीस तर माझं सगळं फुकट गेलं. मग मी कुणावर रागवू?"

रोजानं तोंड उघडलं. त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी फार बोलत नसत. एक भरवायची, एक गिळायची. मी दोघींच्या मधून पाण्याची भांडी इकडून तिकडे न्यायचो. घरात तिघंच होतो आणि तिघं तीन बेटांवर.

झावळ्यांचा रविवार

ईस्टरच्या आधीचा रविवार. लोक चर्चमधून झावळ्या घेऊन येत होते तेव्हा रोजाच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण आली. रेवदंड्याची नर्सही होडीनं आली. आंजेलिन रोजाच्या मागं बसली, तिच्या काखांतून हात घालून तिला छातीशी धरलं. त्याच छातीशी. नर्स म्हणाली, "मावशी, तुम्ही बाजूला व्हा, मी धरते." ती हलली नाही.

मी अंगणात उभा होतो. आतून दोन ओरडणी येत होती. कुठलं कुणाचं ते मला कळत होतं. चांगुणा टोपली खाली टाकून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. एरवी तिचं तोंड बंद नसतं. त्या दिवशी तिनं नुसता माझा दंड धरून ठेवला.

मग तिसरा आवाज आला, बारीक.

मुलगी झाली. जिवंत, धडधाकट. दाखवायला आणली तेव्हा मी "हं" म्हटलं आणि झावळ्या दाराला खोचायला गेलो.

चांगुणा दुसऱ्या दिवशी मुशी मासा घेऊन आली. बाळंतिणीला दूध यायला मुशी देतात. आंजेलिननं ती एका हातानं साफ केली, शिजवली, रोजाला वाढली. ईस्टरच्या सकाळी चर्चची घंटा झाली तशी ती माझ्याकडे आली आणि हात पुढं केला. "आता द्या."

मी दोन गोळ्या दिल्या. तिनं गिळल्या. जीभ बाहेर काढून मला दाखवली, लहान पोरासारखी. आणि झोपली. संबंध दिवस झोपली. मी शेजारी बसून माश्या वारत होतो. तो एक दिवस मला मिळाला.

चला मुंबईला

लोक आता सांगतात, तिनं हसत हसत जीव दिला. खोटं आहे. मी तिथं होतो.

एप्रिल संपला तशी ती म्हणाली, "चला मुंबईला. मी डॉक्टरांना शब्द दिलाय." तिला जगायचं होतं. तिनं लुगडं बदललं, वेणी घालून घेतली, पिशवीत कंगवा आणि जपमाळ टाकली. नातीच्या बारशाला, म्हणजे बाप्तिस्म्याला, परत यायचं असं रोजाला सांगितलं. तेव्हा ती उभी राहू शकत नव्हती. आळीतल्या चौघांनी तिला खुर्चीत बसवून खाडीवर नेलं.

मे महिन्याचा वारा. पाणी उसळत होतं. होडी धक्क्याला लागली की आपटत होती. तरवाल्यानं, तो आमच्याच ओळखीचा, तिच्याकडे एकदा बघितलं. मग मला बाजूला घेतलं. "काका, नको. हिला धक्का सोसायचा न्हाय. मधी काय झालं तर मी कुनाला तोंड दाखवू?"

मी त्याच्या पाया पडलो. खरंच पडलो, वाळूत. तो रडायला लागला पण होडी सोडीना. आंजेलिन खुर्चीतून बघत होती. पलीकडे रेवदंड्याचे माड दिसत होते, एसटी उभी होती ती पण दिसत होती.

"चला घरी," ती म्हणाली. "पोरगी भुकेली असेल."

त्यानंतर मुंबईचं नाव तिनं काढलं नाही. दोन्ही वेळचं जेवण चांगुणा आपल्या चुलीवर करून आणायची. नर्स रोज सुई द्यायला यायची. तिच्यासाठी तो तरवाला होडी थांबवून ठेवायचा. सुई दिली की आंजेलिनला माणसं ओळखता यायची नाहीत. नाही दिली की ती कण्हायची. मी कुठलं निवडू? रोज सकाळी उठून मला हेच निवडायचं होतं.

गेली ती दुपारी. ओटीवर तिची खाट टाकली होती, वारा लागावा म्हणून. अंगणात बाळाचे लंगोट वाळत होते. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "ऊन गेलं. धुणं आत घ्या." ऊन कडक होतं. मी उठलो आणि धुणं काढलं. हातावर लंगोट घेऊन परत आलो तर झालं होतं.

लोक काय म्हणाले

उकाडा होता, म्हणून त्याच संध्याकाळी माती दिली. सगळं गाव आलं, खाडीपलीकडचे आले, कोळीवाड्यातले हिंदू पण आले. फादरांनी सांगितलं की आई म्हणजे काय हे ज्याला बघायचं असेल त्यानं ही बघावी, ख्रिस्तानं जगासाठी जे केलं ते या बाईनं आपल्या घरात केलं. बायका रडत होत्या. एकीनं तिच्या पायाला हात लावून तो आपल्या पोराच्या डोक्याला लावला.

मला काय वाटलं ते लिहितो. मला वाटलं, तुमच्यापैकी कुणी आज घरी जाऊन एकटा जेवणार आहे का?

ती चांगली होती यात शंका नाही. तिची श्रद्धा खरी होती. माझी होती ती आता किती आहे मला माहीत नाही. चर्चला जातो, गुडघे टेकतो, पण त्याच्याशी बोलत नाही. नातीचं जगणं आणि आंजेलिनचं मरणं, या दोन गोष्टी देवानं एकमेकींना बांधल्या होत्या की तिनंच बांधल्या, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. कदाचित तिनं गोळ्या घेतल्या असत्या तरी पोर जगली असती. मग तिनं ते सोसलं ते कुठं गेलं? फादर म्हणतात, वाया गेलं नाही. मी त्यांना उलट बोलत नाही. म्हातारा झालोय, भांडायला दम नाही.

ज्यांच्यासाठी हे लिहायला सांगितलं त्यांना एवढंच. बायांनो, छातीत गाठ लागली तर त्याच दिवशी घरात सांगा. नवरा शिव्या देईल, देऊ दे. दुखत असेल तर गोळी घ्या. राखेचा बुधवार असो नाहीतर गुड फ्रायडे, त्यानं पाप लागत नाही, हे फादरांनी मला स्वतः सांगितलंय आणि लिहायला लावलंय. आणि तुम्ही जीव द्यायचं ठरवलंच, तर ज्याच्याबरोबर तुम्ही चाळीस वर्षं काढलीत त्याला एकदा विचारा. तो नाही म्हणेल. तरी विचारा.

दुसरी सकाळ

मयताच्या घरी आमच्याकडे चूल पेटत नाही. शेजारचे जेवण आणतात. पण सकाळी सगळे तिच्या आत्म्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, गेले होते. मी गेलो नाही.

रोजा खाटेवर बसून पोरीला पाजत होती. पोर चोखायची, सोडायची आणि रडायची. दूध उतरत नव्हतं. बाळंतिणीला सकाळी पोटात गरम पेज जायला लागते, एवढं मला बघून बघून माहीत होतं.

मी चूल पेटवली. जन्मात पहिल्यांदा. धूर झाला, डोळे चुरचुरले. तांदूळ किती घ्यायचे कळेना, दोन मुठी टाकले. पाणी कमी झालं, मग जास्त झालं. खाली लागलं थोडं. वरवरची पेज वाटीत काढून खाटेजवळ नेली.

"बाबा, चूल पेटवलीत?" रोजा म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. पी."

तिनं एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला, मग गिळला.

"अळणी आहे."

"मीठ कुठं असतं?"

"चुलीजवळच्या मडक्यात असायचं." मी बघून आलो. मडकं रिकामं होतं. रोजा म्हणाली, "मग मला नाही ठाऊक. माय ठेवायची कुठंतरी."

पोर परत रडायला लागली. रोजानं तिला दुसऱ्या बाजूला घेतली आणि वाटी हातात धरून थांबली. मी फळीवरचे डबे खाली काढले आणि एकेक उघडून, बोट घालून, चाखत गेलो.